सहाव्या नंबरचा आऊट

मधुभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये होतो. भिंतीवरचा फोन, त्याची लोंबणारी वेटोळी वायर आणि पलीकडे शिरीष. शिरीष मूळचा दादरचा, आमच्या बेसबॉल टीममधला माझा एकुलता एक मित्र. "यार, मॅनेजर गेले," तो म्हणाला. मधुभाऊ आमच्या टीमचे मॅनेजर. सकाळी हार्डवेअरच्या दुकानातून मैदानावर रेघा आखायच्या पांढऱ्या भुकटीची पिशवी घेऊन मधुभाऊ बाहेर पडले, पार्किंग लॉटमध्ये गाडीच्या डिकीपर्यंत पोचले आणि तिथेच कोसळले. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा सगळं संपलं होतं. मी फोन ठेवला आणि हातातलं काम पूर्ण केलं. अशा वेळी माणसं रडतात म्हणे. मला राग आला. छातीत दोन महिने दुखत असताना "ॲसिडिटी आहे रे, जाईल" म्हणत फिरणाऱ्या, पन्नाशी उलटलेल्या माणसाने ती गोणीएवढी पिशवी उचलायची कशाला? दुकानातला पोरगा सांगितलं असतं तर गाडीत ठेवून गेला असता. पण मधुभाऊंना सगळंच ठीक होणार असं वाटायचं. दुखणं जाणार, माणसं सुधारणार, आणि आमची टीम पुढच्या रविवारी जिंकणार.

त्या रागाच्या खाली आणखी एक गोष्ट होती, ती आत्ताच सांगून टाकतो. त्याच्या चार दिवस आधी, शनिवारी संध्याकाळी सात वाजता, माझ्या घरचा फोन वाजला होता. कोण आहे ते मला माहीत होतं. मी सोफ्यावर बसून तो वाजू दिला. अकरा वेळा वाजला. मी मोजले.

शेवटचे विधी इथल्या, अमेरिकेतल्या पद्धतीने फ्युनरल होममध्ये झाले. गुळगुळीत गालिचा, मंद दिवे, कागदी रुमालांचे खोके. भन्तेजी मिळाले नाहीत म्हणून युनिव्हर्सिटीतल्या एका श्रीलंकेच्या विद्यार्थ्याला वहिनींनी, म्हणजे मधुभाऊंच्या पत्नीने, बोलावलं होतं. त्याने वंदना म्हटली. मला ती लहानपणापासून पाठ आहे. आईच्या मांडीवर बसून शिकलो. मी मागच्या रांगेत ओठ न हलवता उभा होतो, कारण माझ्या दोन्ही बाजूंना इथल्या मराठी मंडळाची माणसं होती. हे वाक्य लिहायला मला तीन आठवडे लागले.

मग मंडळाने शोकसभा घेतली. शाळेच्या कॅफेटेरियात घड्या घालायच्या खुर्च्या मांडल्या होत्या, मागे कॉफीचं भांडं खदखदत होतं. मंडळाचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले. ते हाडांचे डॉक्टर, पुण्याचे, इथे येऊन पंधरा-सोळा वर्षं झालेली. सगळे त्यांना नुसतं डॉक्टर म्हणतात, मीही तेवढंच म्हणतो. डॉक्टर म्हणाले, "मधुकरराव म्हणजे निखळ आशावाद. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून एक कडवट शब्द ऐकला नाही. कधी तक्रार नाही, कधी जुन्या गोष्टी उकरून काढणं नाही. अगदी आपल्यातलेच होऊन गेले होते ते." लोकांनी माना डोलावल्या. एका काकूंनी डोळे टिपले. मी खुर्चीची कड घट्ट धरून बसलो होतो. आपल्यातलेच होऊन गेले होते! म्हणजे आधी नव्हते. म्हणजे कुणीतरी बसून ठरवलं होतं की आता यांना आपलं म्हणायला हरकत नाही. आणि ज्यांनी तक्रारीला कारण दिलं त्यांनीच, तो माणूस गेल्यावर, त्याने तक्रार केली नाही म्हणून त्याचं कौतुक करायचं... पण मी तेव्हाही उठलो नाही. मधुभाऊंवर चिडण्यात मी वाकबगार आहे; इतरांवर चिडायला मला नेहमी उशीर होतो.

मधुभाऊंचं आडनाव मी इथे लिहीत नाही. ज्यांना हवं होतं त्यांनी ते पहिल्या पाच मिनिटांत विचारून घेतलं होतं. "मधुकर... पुढे काय?" हा प्रश्न आपण सातासमुद्रापलीकडेही सामानात घेऊन येतो. मधुभाऊ नागपूरचे. वडील गिरणीत होते. स्कॉलरशिपवर इंजिनिअरिंग करून ते इथे आले आणि मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात लागले. मी ॲन आर्बरला शिकायला आलो तेव्हा त्यांना इथे आठ-नऊ वर्षं झाली होती. लाँड्रोमॅटमध्ये, नाणी टाकून कपडे धुवायच्या दुकानात, ओळख झाली. माझ्याकडे पुरेशी नाणी नव्हती, आणि मी मशीनसमोर मराठीत शिव्या देत होतो. मागून आवाज आला, "अबे, त्याला मराठी नाही समजत. हे घे क्वार्टर." गाव कुठलं विचारलं, मी वर्ध्याजवळचं सांगितलं. आडनाव त्यांनी विचारलं नाही. माझं आडनाव गावावरून पडलेलं आहे, ते सगळ्या जातींत सापडतं. कुणी विचारलं की मी ते चटकन सांगतो आणि समोरचा स्वतःला हवं ते समजून घेतो. मी कधी खोटं बोललो नाही. फक्त समोरच्याची समजूत कधी दुरुस्त केली नाही.

पहिल्याच हिवाळ्यात मला फ्लू झाला. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि मी खोलीत एकटा कुडकुडत पडलेलो. मधुभाऊ डबा घेऊन बसने आले. जास्तीचं पांघरूण काढायला त्यांनी माझं कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला मी तो फोटो लावला होता... चष्मा, कोट, टाय, हातात पुस्तक. नाव सांगायला नको; आमच्या प्रत्येक घरात तो दर्शनी भिंतीवर असतो. माझ्या खोलीत तो कपाटात होता. मधुभाऊंनी पांघरूण काढलं, दार हळूच लावलं, मला भात भरवला, औषध दिलं. निघताना उंबऱ्यात थांबून आमचा नमस्कार केला, दोनच शब्दांचा, हलक्या आवाजात. मीही केला. त्यानंतर या विषयावर आम्ही काही वर्षं बोललो नाही. त्यांनी कुणापाशी चकार शब्द काढला नाही.

आता बेसबॉल. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगतो, बेसबॉलमधला मॅनेजर म्हणजे ऑफिस सांभाळणारा माणूस नव्हे. कोण खेळणार, कुठल्या क्रमाने बॅटिंग करणार, हे सगळं तो ठरवतो. आमच्या गावात उन्हाळ्यात हौशी लोकांची रविवारची लीग असते. प्लंबर लोकांची टीम, चर्चची टीम, आग विझवणाऱ्यांची टीम. मंडळातल्या तरुण मंडळींना खरं तर क्रिकेट हवं होतं, पण मैदान कोण देणार? मधुभाऊ म्हणाले, "मैदान त्यांचं, खेळ त्यांचा, माणसं आपली. काय बिघडते?" फॉर्म भरायला कुणी तयार नव्हतं, तेव्हा मॅनेजरही तेच झाले. गुडघा अधू असल्यामुळे ते स्वतः खेळायचे नाहीत. बाकावर क्लिपबोर्ड घेऊन बसायचे, डोक्यावर कारखान्याची टोपी.

पहिला उन्हाळा म्हणजे नुसता तमाशा होता. आम्ही सगळे क्रिकेटवर वाढलेले. चेंडू टोलवला की बॅट टाकून पळायचं सोडून ती हातात घट्ट धरून पळायचो आणि पहिल्या बेसला, म्हणजे पहिल्या थांब्याला, पोचताना ती वाकून जमिनीला टेकवायचो! प्लंबर लोक पोट धरून हसायचे. अंपायर म्हणजे एक निवृत्त पोस्टमन होता, भला माणूस, तो दर वेळी ओरडायचा, "ड्रॉप द बॅट, सर! ड्रॉप द बॅट!" शिरीषने एकदा ऐकून बॅट टाकली ती मागे बसलेल्या त्यांच्या कॅचरच्या पायावर. त्या दिवशी आम्ही एकोणीस विरुद्ध एक असे हरलो. माना खाली घालून आम्ही बाकाकडे आलो तर मधुभाऊंचा चेहरा खुललेला. "एक रन निघाली ना! मागच्या रविवारी भोपळा होता. पुढच्या रविवारी बघा तुम्ही." पुढच्या रविवारी बावीस विरुद्ध शून्य. "पण कॅच किती धरले!" तेव्हा आम्ही हसायचो. मला त्यांचा हा स्वभाव तेव्हा फार आवडायचा, हेही लिहून ठेवतो.

आणि ते कार्ड. मॅच सुरू व्हायच्या आधी मॅनेजरने अंपायरच्या हातात एक कार्ड द्यायचं, त्यावर बॅटिंगच्या क्रमाने नावं. मधुभाऊ ते शनिवारी संध्याकाळी लिहायचे, शाईच्या पेनाने, खाली कार्बन घालून. मूळ कार्ड अंपायरला, आणि कार्बनची प्रत स्वतःच्या क्लिपबोर्डला. तिच्यावर प्रत्येकाच्या नावापुढच्या चौकटींत मॅचमध्ये त्याने काय केलं ते टिपायचं. आमच्या लीगचा एक नियम होता. कार्डावर नाव आहे आणि माणूस हजर नाही, तर त्याची पाळी आली की सरळ एक आऊट. टीम नऊ जणांची; आठच नावं लिहिली तर मात्र दंड नव्हता. आठ जणांनी खेळायचं, एवढंच. एकदा शिरीषची गाडी हायवेवर बंद पडली. आम्ही म्हटलं, मधुभाऊ, त्याचं नाव काढा, उगाच आऊट जाईल. ते म्हणाले, "निघाला आहे तो घरून. येईल." दोनदा शिरीषच्या नावावर आऊट लागला. चौथ्या इनिंगला तो घामाघूम होऊन कुंपणावरून उडी मारून आला. मधुभाऊ आमच्याकडे वळून म्हणाले, "बघा, आला ना?" ती मॅच आम्ही अर्थातच हरलो.

तिसऱ्या उन्हाळ्यात आम्ही खेळायला शिकलो. मी सहाव्या नंबरला बॅटिंग करायचो आणि बरी करायचो. आम्ही प्लंबरांना हरवलं, चर्चला हरवलं, आणि लीगमध्ये तिसरे आलो. एक छोटीशी ढाल मिळाली. तोवर मंडळातल्या वडीलधाऱ्यांना टीमशी काही देणंघेणं नव्हतं. ढाल आली तशी ती 'आपली टीम' झाली. डॉक्टरांनी सगळ्या टीमला घरी जेवायला बोलावलं. त्या दिवशी त्यांच्याकडे सत्यनारायण होता. मी पोचलो तेव्हा पूजा आटपत आली होती. चौरंगाच्या शेजारी आमची ढाल ठेवलेली, तिला हळद-कुंकू लावलेलं. आठ जण दिसले. मधुभाऊ दिसेनात. मी स्वयंपाकघराच्या दारात डॉक्टरांना गाठलं आणि विचारलं, मॅनेजर कुठे आहेत? डॉक्टर पाण्याचे ग्लास भरत होते. अगदी सहज म्हणाले, "अरे, त्यांना मुद्दामच नाही सांगितलं. पूजा आहे ना. त्यांचं वेगळं असतं, उगाच अवघडल्यासारखं व्हायचं त्यांना. आज आपण आपलेच आहोत." असं म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. त्या 'आपण'मध्ये मीही होतो! माझ्या आडनावाने मला तिथे नेऊन बसवलं होतं. इतक्यात काकू आल्या आणि म्हणाल्या, "घे रे, प्रसाद." मी हात पुढे केला. उजवा हात, खाली डावा, अगदी रीतसर. आणि तो शिरा मी खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मी मधुभाऊंकडे गेलो. ते गॅरेजमध्ये होते, सीझन संपला म्हणून ग्लव्हजना तेल लावत बसलेले. भिंतीवर खिळ्याला क्लिपबोर्ड. मी त्यांना सगळं सांगितलं. ते ग्लव्ह चोळत राहिले. मग म्हणाले, "मला माहीत होतं. शुक्रवारी शिरीष विचारत होता, किती वाजता निघणार म्हणून. तेव्हाच समजलो."

"मग? काही बोलणार नाही तुम्ही?"

"बोलीन ना. पण अरे, ढालीला तरी आपली म्हटलं त्यांनी. आता माणसांना म्हणायला किती वेळ लागते? पुढच्या वर्षी म्हणतील."

माझं डोकंच फिरलं. मी म्हणालो, "हा आशावाद नाही मधुभाऊ, ही लाचारी आहे. ते तुम्हाला दारात उभं करत नाहीत आणि तुम्ही त्यांच्या पोरांना चेंडू कसा मारायचा ते शिकवता. तुम्ही लाचार आहात."

लाचार. हा शब्द मी त्या माणसाला उद्देशून दोनदा वापरला. माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी मोठा, मला आजारपणात भात भरवणारा माणूस. त्यांनी ग्लव्ह खाली ठेवला. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर फार बरं झालं असतं. ते म्हणाले, "तू तिथे काही बोललास का?"

"नाही."

"ठीक आहे. ते कधी बोलायचं ते तू ठरव. घाई नाही. माझ्याकडून कोणाला कळणार नाही."

समजूतदारपणा इतका संतापजनक असतो हे मला त्या गॅरेजमध्ये कळलं. मला त्यांनी विचारायला हवं होतं की शिरा गोड लागला का. मला त्यांनी माझाच शब्द तोंडावर फेकून मारायला हवा होता. त्याऐवजी त्यांनी मला सांभाळून घेतलं. मी माझा ग्लव्ह त्यांच्या बाकावर टाकला, "मी आता येणार नाही," म्हणालो आणि निघालो. पाठीमागून आवाज आला, "मे महिन्यात सुरू होते सीझन. ग्लव्ह ठेवतो मी."

पुढे दोन उन्हाळे मी गेलो नाही. आणि ते दोन्ही उन्हाळे, दर शनिवारी सात वाजता, मधुभाऊंचा फोन यायचा. "उद्या दहा वाजता. येतो ना?" मी म्हणायचो, नाही. ते म्हणायचे, "बरं. पुढच्या रविवारी." बास, एवढंच. ना आग्रह, ना रुसवा. सुरुवातीला मी कारणं द्यायचो, पेपर लिहितोय, पाहुणे आहेत. मग नुसतं 'नाही' म्हणायला लागलो. मग चिडून एकदा म्हणालो, "मधुभाऊ, तुम्हाला कंटाळा कसा येत नाही?" ते हसले. दुसऱ्या उन्हाळ्याच्या मध्यापासून मी शनिवारी सात वाजता फोन उचलणं बंद केलं. वाजायचा आणि थांबायचा. शेवटचा अकरा वेळा वाजला, ते वर सांगितलंच आहे.

शोकसभेनंतर आठ दिवसांनी वहिनींचा फोन आला. वहिनी इथल्या एका शाळेत स्वयंपाकघर सांभाळतात, बोलणं तोडून टाकल्यासारखं. "तुमची वस्तू आहे इथं. घेऊन जा." मी गेलो. शिरीषही आला होता, गॅरेज आवरायला. खिळ्यावर माझा ग्लव्ह टांगलेला, तेल लावून मऊ ठेवलेला. दोन वर्षं कुणी न वापरलेल्या ग्लव्हला दोन वर्षं तेल लागत होतं. त्याच्या शेजारी क्लिपबोर्ड. वहिनी म्हणाल्या, "ते पण तुमचंच म्हणायचे ते. बघा काय आहे."

क्लिपबोर्डला त्या दोन उन्हाळ्यांची कार्डं होती, कार्बनच्या निळ्या अक्षरांत, एकावर एक. मी वरचं पाहिलं. सहाव्या नंबरला माझं नाव. मी पान उलटलं. सहाव्या नंबरला माझं नाव. पुन्हा उलटलं... प्रत्येक रविवारी, प्रत्येक कार्डावर, पूर्ण नाव, आडनावासकट, त्यांच्या त्या उजवीकडे कललेल्या अक्षरांत. आणि, वरचं एक कार्ड सोडलं तर, पुढच्या चौकटींत आऊट. आऊट. आऊट. मी घरी सोफ्यावर पेपर वाचत पडलेलो असायचो आणि तिकडे दर रविवारी तीन-तीनदा बाद होत होतो.

"हे काय आहे?" मी शिरीषला विचारलं. तो माझ्यावर उखडलाच. "काय आहे? यार, तुझ्यामुळे आम्ही किती मॅचेस घालवल्या माहितीये तुला? एका रनने हरलोय आम्ही! किती भांडलो मी त्यांच्याशी. म्हटलं आठ नावं लिहा, पेनल्टी नाही काही. नाही म्हणजे नाही. तो अंपायर प्रत्येक वेळी विचारायचा, 'इज सिक्स हिअर?' आणि हे म्हणायचे, 'ऑन हिज वे.' दोन वर्षं! अख्खी लीग हसायची आम्हाला. आणि तुला कार्डाबद्दल सांगायचं नाही, असं बजावलं होतं त्यांनी मला." मग तो जरा शांत झाला आणि म्हणाला, "तुला डॉक्टरांच्या भाच्याचं माहीत नाही का?"

मला माहीत नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात डॉक्टरांचा भाचा इथे राहायला आला. कॉलेजमध्ये बेसबॉल खेळलेला, उंचापुरा. डॉक्टर स्वतः मैदानावर आले आणि म्हणाले, याला घ्या टीममध्ये, तसेही तुम्ही आठच आहात. मधुभाऊ म्हणाले, जागा नाही. डॉक्टर हसले, म्हणाले, अहो मोजा की, आठच जण उभे आहेत. मधुभाऊंनी कार्ड दाखवलं. "नऊ आहेत. सहावा यायचा आहे." डॉक्टर म्हणाले, तो काही येत नाही आता, त्याचा काय संबंध. शिरीष सांगत होता, "मॅनेजरना मी तसं कधी पाहिलं नव्हतं. कार्ड असं समोर धरून उभे राहिले. म्हणाले, 'डॉक्टर, तुमच्या घरी कोणाला बोलवायचं ते तुम्ही ठरवता. हे कार्ड मी लिहितो.' डॉक्टर लालबुंद झाले. मंडळाने त्या वर्षी टीमचे टी-शर्ट दिले नाहीत. पण ते घरी बोलवायचं काय, ते आम्हाला तेव्हा कळलंच नाही."

मला कळलं. मी त्या गॅरेजमध्ये उपड्या बादलीवर बसलो आणि मला मधुभाऊंचा भयंकर राग आला. हे मला का नाही सांगितलं? तेवढ्या शनिवारांच्या फोनमध्ये एकदा तरी सांगायचं होतं, अरे, तुझी जागा मी अडवून धरली आहे, मार खातोय मी त्यापायी! मी त्यांना लाचार म्हटलं होतं. अख्ख्या मंडळात डॉक्टरांना तोंडावर 'नाही' म्हणणारा तो एकच माणूस निघाला, आणि तेही कशासाठी, तर जो हात पुढे करून शिरा खाऊन आला त्याच्यासाठी. सांगितलं असतं तर मी आलो असतो... असं मी म्हणतो. त्यांना बहुधा तसं येणारा माणूस नको होता. पण म्हणून माणसाने इतकं गप्प राहायचं? हा राग माझा अजून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

सगळ्यांत वर एक कार्ड होतं ज्याच्या चौकटी कोऱ्या होत्या, आणि त्याचं मूळ अजून कार्बनवरच होतं. ते गेले त्यानंतरच्या रविवारचं. वहिनी म्हणाल्या, "शनिवारी तुम्ही फोन उचलला नाही. म्हणून सोमवारीच लिहून ठेवलं त्यांनी. म्हणे, आठवडाभर आहे, येईल."

तो रविवार दुखवट्यात गेला, मॅच पुढे ढकलली. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी ती झाली, सीझनची शेवटची. मी ग्लव्ह घेतला आणि तेच कार्ड घेऊन गेलो. रेघा शिरीषने आखल्या होत्या, पार्किंग लॉटमध्ये राहिलेल्या त्याच पिशवीतून. वाकड्या आल्या होत्या. पोस्टमन अंपायरने कार्ड हातात घेतलं, चष्मा वर केला आणि सवयीने विचारलं, "इज सिक्स हिअर?" मी म्हणालो, "येस, सर." त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग कार्डाच्या तळाशी मॅनेजरचं नाव लिहिलेलं होतं तिथे अंगठा ठेवून म्हणाला, "टुक यू लाँग इनफ, सन."

मॅच सुरू व्हायच्या आधी मी बाकावर बसलेल्या आठही जणांना सांगितलं. मी कोण, माझ्या कपाटात कुणाचा फोटो आहे, त्या दिवशी डॉक्टरांच्या घरी मी काय ऐकलं आणि काय खाल्लं. आवाज चढला माझा. पलीकडची आग विझवणाऱ्यांची टीम बघायला लागली. दोघे खाली बघत बुटाच्या नाड्या बांधत राहिले, एक उठून पाणी प्यायला गेला. शिरीष म्हणाला, "साला, मलाही नाही सांगितलंस?" आणि सरकून त्याने बाकावर मला जागा केली. डॉक्टर आले नव्हते. ते हा लेख वाचतील. त्यांच्याकडे ही पुरवणी पोस्टाने येते, मला माहीत आहे.

आणि मी खेळलो. दोन वर्षं बॅट हातात धरली नव्हती. पहिल्या पाळीला तीन चेंडू हवेत हुकवून आऊट. दुसऱ्या पाळीला पुन्हा तेच. तिसऱ्यांदा चेंडू लागला एकदाचा, तर मी बॅट हातात घेऊनच पळालो आणि वाकून बेसला टेकवेपर्यंत आऊट झालो. अंपायर ओरडला, "ड्रॉप द बॅट, सर!"

क्लिपबोर्ड आता माझ्या स्वयंपाकघरात फोनशेजारी खिळ्यावर आहे. कपाटातला फोटो बाहेर आला, तो त्याच्या वर. शेवटच्या कार्डाच्या कोऱ्या चौकटी मी शाईने भरल्या. सहाव्या नंबरपुढे आऊट, आऊट, आऊट. त्याआधीच्या सगळ्या रविवारांसारखंच दिसतं ते. कार्डं चाळणाऱ्या कुणालाही कळणार नाही की यातल्या एका रविवारी मी तिथे होतो. मधुभाऊंना कळलं असतं. त्यांनी ते तीन आऊट बघितलेच नसते, बाकीच्यांकडे वळून, टोपी मागे सारून म्हणाले असते, "बघा, आला ना?" आणि मला त्यांचा पुन्हा भयंकर राग आला असता.